क्रॅकचे ग्लोव्ज, कुसळं आणि मिरजेचे मामा

ग्लोव्जची तिसरी जोडी गेली. पूर्ण नाय गेली, डाव्या हाताची करंगळीकडची शिवण उसवलीय आणि आतनं रबराचं टोक कुत्र्याच्या जिभेसारखं बाहेर लोंबतंय. चार दिवस झाले ती जोडी गाडीच्या हँडलला अडकवून फिरतोय, मिरजेला चप्पल बनवणाऱ्या मामांकडं न्यायचीय म्हणून, आणि रोज कुपवाडच्या कंपनीतनं सुटलो की सरळ घरी येतोय. त्यात मागच्या रविवारी वाईत चहा पिताना आमच्या कातळ चढणाऱ्यांतल्या एका नवीन पोरानं विचारलं, दादा क्रॅकसाठी टिकाऊ ग्लोव्ज कुठले घेऊ, पैसे साठवलेत. पैसे साठवलेत म्हणला ना, तिथंच मला जरा दडपण आलं, कारण मी पण असेच पैसे साठवून पहिली जोडी घेतली होती आणि ती दोन महिन्यात गेली. तेव्हा त्याला तिथं काय बोललो नाय, गाडीत बसून विचार केला, आता लिहून टाकतोय.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाय त्यांच्यासाठी आधी थोडं. कातळ चढताना आपण काहीतरी धरतो, खोबण, कंगोरा, काय मिळंल ते. क्रॅकमध्ये धरायला काय नसतंच. वरपर्यंत गेलेली उभी भेग असते, तिच्यात हात घालायचा आणि आत अडकवायचा. पंजा सरळ आत सरकवायचा, मग अंगठा तळहाताकडं मुडपायचा, की अंगठ्याखालची मांसाची गादी फुगते आणि तळहात एका भिंतीला आणि पालथा हात दुसऱ्या भिंतीला दाबला जातो. ह्याला हँड जॅम म्हणतात. नीट बसला तर त्यावर अख्खं वजन टाकून दुसऱ्या हातानं नाक खाजवता येतं, खोटं नाय. भेग त्याहून रुंद असली तर मूठ अडकवायची, बारीक असली तर बोटं घालून पिळायची.

आता ह्यात कातडं कुठलं जातं बघा. तळहाताचं नाय जात. पालथ्या हाताचं जातं, बोटांच्या मुळाशी जी हाडं वर येतात त्यांच्यावरचं, आणि करंगळीच्या खालच्या कडेचं. पालथ्या हाताचं कातडं म्हणजे कागद, खाली मांस नाय काय नाय, सरळ हाड आणि शिरा. आमच्याकडं उसाच्या फडात शिरलेल्या माणसाला माहीताय पात हातावरनं गेली की कसं बारीक कापतं आणि घाम लागला की कसं झोंबतं. क्रॅकचं तसंच, फक्त कापत नाय, किसतं.

सह्याद्रीचा दगड बेसाल्ट. लाव्हाचे थरावर थर, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे, लाव्हा थंड होताना आकसला आणि भेगा पडल्या. पन्हाळ्याच्या बाजूला बांदिवड्यात ते दगडी खांब आहेत बघा शेजारी शेजारी उभे, त्या खांबांच्या मधल्या फटी ह्याच प्रकारच्या, एकदम सरळ. (तिथं फक्त बघायचं, चढायचं नाय.) पण आपल्याकडच्या बहुतेक भेगा अशा सरळसोट नसतात, आत माती, गवत, सुटा दगड, कधी पाल, कधी मोहोळ. आणि बेसाल्ट दाणेदार नसला तरी त्याच्या कडा ताज्या तुटलेल्या असतील तर लय धारदार. ग्रॅनाइट हात किसून काढतो, बेसाल्ट टोचतो आणि फाडतो असा माझा अनुभव. पाचगणीकडचा जांभा तर वेगळंच काम, नुसता खडबडीत आणि वर भुसभुशीत. म्हणून परदेशातला कुणी म्हणला की अमुक ग्लोव्ज मला तीन सिझन गेले, तर तो कुठल्या दगडावर चढतो ते आधी बघायचं.

मी सुरुवात केली टेपवर. आमचा वाईचा दादा, ज्यानं मला क्रॅक शिकवली, तो अजून टेपच लावतो आणि अर्ध्या वेळेला ते पण नाय. मेडिकलमधनं झिंक ऑक्साईडची पांढरी पट्टी आणायची, दीड इंची, मनगटाला एक वेढा, मग पालथ्या हातावरनं पट्ट्या, बोटांच्या मुळातनं फिरवून परत मनगटाला. तळहात मोकळा ठेवायचा. नीट शिकलं तर टेपसारखं फिटिंग कुठल्याच ग्लोव्जला नाय, कारण ते तुमच्याच हातावर बनतं. पण दोन हात बांधायला पंधरा-वीस मिनिटं जातात, उजव्या हातानं डावा बांधतो तोवर ठीक, डाव्यानं उजवा बांधताना तोंडानं पट्टी फाडायला लागते. आणि एप्रिलच्या उन्हात दहा वाजता घाम सुटला की सगळं सरकून मनगटावर गोळा होतं. मी एकदा मेडिकलवाल्याला टेप मागितला तर त्यानं ताणणारं डायनाप्लास्ट दिलं, मला फरक कळला नाय, घेऊन आलो. ताणणारी पट्टी हाताला आवळते, वर अर्ध्यात बोटं निळी पडायला लागली माझी. ताणणारं नको, कापडी न ताणणारं पाहिजे, हे एवढं तरी लक्षात ठेवा.

त्याच आठवड्यात चुलतभावाचा साखरपुडा होता इस्लामपूरला. दोन्ही हातांवर खपल्या. मावशीनं हात धरला आणि सगळ्यांसमोर विचारलं, कुणाशी मारामारी केलीस रे. नवरीकडची माणसं माझ्याकडं बघायला लागली. आईनं घरी आल्यावर हळद दाबली दोन्ही हातांवर, सांगलीच्या घरात दुसरं काय औषध असणार, आणि म्हणली ग्लोव्ज का घालत नाहीस, कंपनीत घालतोस ना.

आणि मी खरंच कंपनीतले घातले. हा माझा सगळ्यात मोठा येडेपणा, पण ह्यातनंच खरी गोष्ट कळली. मी एमआयडीसीत काम करतो, स्टोअरमध्ये सेफ्टी ग्लोव्जचे खोके पडलेले असतात, त्यावर ढालीत हातोडीचं चित्र आणि खाली ईएन ३८८ (सेफ्टी ग्लोव्ज तपासायचं युरोपातलं मानक) आणि आकडे. पहिला आकडा घासण्याचा. १ म्हणजे १०० फेरे घासून टिकलं, २ म्हणजे ५००, ३ म्हणजे २०००, ४ म्हणजे ८०००. त्यापुढं कापण्याचा, फाटण्याचा, टोचण्याचा. मी म्हणलं घासण्याला ४ असलेला घेतला तर दगडाची काय बिशाद. एक जोडी विकत घेतली, तळहाताला नायट्राइल रबराचा थर असलेली, आणि ऐटीत घेऊन गेलो.

दुसऱ्या जॅमला पालथ्या हाताची विण दगडाच्या कडेत अडकली आणि धागा निघाला, स्वेटरचा निघतो तसा, लांबच्या लांब. आतनं हात वेगळा सरकतोय, ग्लोव्ज वेगळा. बोटं झाकलेली त्यामुळं आत काय लागतंय ते पण कळत नाय. दादा खाली बिले देत होता, म्हणजे माझा दोर धरून उभा होता, तो हसून हसून दोर सोडतो का काय असं झालं मला. खाली आल्यावर म्हणला, अरे हे तळहातासाठी बनवलंय, तुझा तळहात कुठं जातोय. बरोबर होतं. ती घासण्याची टेस्ट तळहाताच्या कापडावर करतात. कामगाराचा हात पत्रा धरतो, वीट धरतो, त्याचा तळहात वाचवायचा असतो, पाठीला नुसती हवा खेळती जाळी. आपलं एकदम उलटं. क्रॅकच्या ग्लोव्जला तळहात जवळजवळ नसतोच, पाठीवर सगळा माल, बोटं उघडी, बोटांच्या मुळाशी नुसते लूप आणि मनगटाला पट्टा. रॅपलिंगचे (दोरावरनं खाली उतरायचे), बिलेचे चामडी ग्लोव्ज पण त्याच कारणानं चालत नाहीत, दोर तळहातातनं जातो म्हणून चामडं तळहाताला. बाईकचे पण नाय. बाईकवाल्यात नकलवर, म्हणजे बोटांच्या मुळाशी वर येणाऱ्या हाडांवर, कडक कवच असतं, भेगेत हात जातच नाय.

मग पैसे साठवले आणि खरी जोडी मागवली ऑनलाइन. कुठल्या कंपनीची ते सांगत नाय, कारण चूक अर्धी माझी होती. साइज. मी नेहमी जरा मोठं घेतो, शर्टपासून चपलेपर्यंत, सवय आहे घरची, अंगात वाढंल म्हणून. ग्लोव्ज अंगात वाढत नाय, उलट ग्लोव्जच वाढतो. कातडी असो नायतर स्वेडसारखा (मऊ लवदार चामड्यासारखा) कृत्रिम माल, घामानं आणि ताणानं ढिला होतो. ढिल्या ग्लोव्जमध्ये काय होतं, वजन टाकलं की हात खाली सरकतो आणि पाठीवरचं रबर गुंडाळलं जातं, त्याची वळकटी होते, त्या वळकटीवर सगळा दाब येतो आणि तिथनंच फाटतं. म्हणजे फाटतो तो माल वाईट म्हणून नाय, तो सरकला म्हणून. माझी पहिली जोडी दोन महिन्यात गेली ती अशी.

साइज बघताना मोजायचा टेप अंगठा सोडून चार बोटांच्या नकलवरनं फिरवायचा, मूठ न वळता, आणि दोन साइजच्या मधे आलात तर बारीक घ्यायचा. घातल्यावर मूठ करून बघा, मग अंगठा आत मुडपून जॅमची पोझ करून बघा. हात सरळ असताना थोडा आवळल्यासारखा वाटला पाहिजे. बोटांचे लूप बेचक्यात खुपले तर मात्र नको, ते नंतर सैल होत नाहीत, कातडं कापतात. आणि घरी बघायचं असंल तर दोन फळ्या समोरासमोर बोल्ट करून लाकडी क्रॅक बनवा. मी कंपनीतल्या पॅकिंगच्या लाकडातनं बनवलीय, जिन्याखाली, आई त्याला चरक म्हणते. दोन इंग्रज आहेत, टॉम रँडल आणि पीट व्हिटकर, त्यांनी शेफिल्डमध्ये घराच्या तळघरात असल्या लाकडी क्रॅक बांधून दोन वर्षं सराव केला आणि २०११ मध्ये अमेरिकेत युटामधली सेंच्युरी क्रॅक ही अवघड भेग मारली. वाइड बॉइज म्हणतात त्यांना, नंतर त्या नावानं ग्लोव्ज पण आले. तर जिन्याखालची क्रॅक ही काय येडेपणाची गोष्ट नाय हे मी आईला सांगून बघितलं. लाकडावर ग्लोव्ज सरकतोय का ते दोन मिनिटात कळतं आणि माल खराब होत नाय, परत पाठवता येतो.

आता रबर का चामडं. हा प्रश्न सगळे पहिला विचारतात, मी मुद्दाम मागं ठेवला.

रबरवाल्याला पाठीवर शूजसारखं चिकट रबर असतं. दगडाला धरतं, त्यामुळं कमी जोर लावून जॅम बसतो, नवीन माणसाला तर जादू वाटते. चामडंवाला किंवा स्वेडवाला तेवढा धरत नाय पण हवा खेळते, हाताला दगडाचा आकार कळतो, आणि घासण्यात तो शांतपणे झिजत जातो. रबर झिजत नाय, सुटतं. कडेनं चिकटवलेलं सुटायला लागलं की मग एका दिवसात उडतं. उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलं तर रबर कडक होतं, धरायचं बंद करतं, हे पण केलंय मी.

आणि जाडी. माझ्या आत्ताच्या जोडीची पाठ व्हर्नियरनं मोजली, २ मिलिमीटरच्या आसपास भरली. ऐकायला काय नाय, पण जिथं उघडा हात जेमतेम जातो अशा भेगेत तेवढ्यानं हात अडतो, आतच जात नाय. उलट जिथं हात थोडा ढिला पडतो तिथं तेच २ मिलिमीटर देवासारखे. म्हणून जाड म्हणजे टिकाऊ आणि टिकाऊ म्हणजे चांगला असं नाय. तुमचा हात जाडजूड असंल, माझ्या दादासारखा, पंजा म्हणजे फावडं, तर पातळ माल बघा. बारीक हाताच्या माणसाला जाड चालतो.

नावं विचारलीच तर, चेक लोकांची ओत्सून म्हणून कंपनी आहे, तिचे बऱ्याच जणांकडं दिसतात, जाड आणि लाइट दोन्ही येतात. ओत्सून हे तिकडं एका फुलाचं नाव आहे, तेही विषारी फुलाचं, असलं नाव ग्लोव्जला का ते त्यांनाच माहीत. पण चेकमध्ये आद्रश्पाखसारख्या ठिकाणी वाळूच्या दगडाचे सुळके आणि त्यात लांबच्या लांब क्रॅक, आणि तिथं दगड खराब होऊ नये म्हणून लोखंडी साधन घालत नाहीत, दोरीच्या गाठी भेगेत अडकवून चढतात. असल्या ठिकाणच्या माणसांनी क्रॅकचे ग्लोव्ज करावेत ह्यात नवल नाय. बाकी ब्लॅक डायमंड, आउटडोअर रिसर्च ह्यांचे पण येतात. आपल्याकडं मागवायचं तर शिपिंग आणि ड्युटी धरून हिशोब करा, मला मागची जोडी साडेचार हजाराला पडली. ह्या पैशात टेपचे किती रोल येतात त्याचा हिशोब दादा दर वेळेला करतो आणि मोठ्यांदा वाचून दाखवतो.

आता मामा. दुसरी जोडी उसवली तेव्हा मी ती टाकणार होतो, पण साडेचार हजार मनातनं जाईनात. मिरजेत एक चप्पल बनवणारे मामा आहेत, आमच्या बाबांच्या ओळखीचे. कोल्हापुरी चप्पल म्हणतात खरं पण ती आपल्या सांगली साताऱ्यात पण होते, २०१९ ला जे जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं त्यात आपले जिल्हे पण आहेत, हे मामा दर गिऱ्हाइकाला सांगतात. मी ग्लोव्ज पुढं टाकले. मामांनी उलटेपालटे केले, वास घेतला (खरंच), मग रबर सोडून पहिला अंगठा शिवणीवर ठेवला. म्हणले, घासायचं कुठं लागतंय दाखव. मी हात करून दाखवला. म्हणले, मग घासायच्या जागेला शिवण कशाला ठेवलीय ह्यांनी.

मी तीन वर्षं रबर, चामडं, जाडी, चिकटपणा असलंच बघत बसलो होतो. शिवणीचा दोरा मालाच्या वर येतो, उंचवटा असतो तो, दगडाला पहिला तोच लागतो. माल कितीही भारी असू दे, दोरा तुटला की माल सुट्टा. कोल्हापुरीत वादीनं शिवतात आणि टाके दाबून बसवतात, वर राहिला तर चालताना झिजणार हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत. तेव्हापासनं मी ग्लोव्ज बघताना मामांसारखंच बघतो. पाठीवर, नकलवर आणि करंगळीच्या कडेला शिवण नको. असलीच तर डबल पाहिजे आणि मालाची कड वर दुमडून तिच्याखाली लपलेली पाहिजे. पाठ एकाच तुकड्याची असंल तर सगळ्यात उत्तम. बोटांचे लूप जिथं पाठीला जोडलेत तिथं आडवा टाका मारलाय का बघा, ओढ सगळी तिथं येते. हे फोटो मोठा करून पण दिसतं, दुकानात जायला लागत नाय.

मामांनी त्या वेळी उसवलेली कड कापून वर वेल्डिंगच्या ग्लोव्जचं स्वेड चढवून दिलं, मी कंपनीतनं फाटका ग्लोव्ज नेऊन दिला होता त्यातनं. चप्पलचं कातडं घाला म्हणलं तर नको म्हणले, ते कडक, हात वळणार नाय. दिसायला भिकाऱ्याचं ठिगळ, पण ती जोडी त्यानंतर अजून एक अख्खा हिवाळा चालली. मजुरी घेतली चाळीस रुपये. आणि चहा मलाच पाजला.

वेल्क्रोचं बोलायचं राहिलं. परदेशी लोक वेल्क्रोबद्दल कधी बोलत नाहीत कारण त्यांच्याकडं कुसळं नसावीत. आपल्याकडं ऑक्टोबरपासनं डोंगर चढून कातळापर्यंत गेलात की मोज्यात कुसळं, चड्डीत कुसळं आणि ग्लोव्जच्या वेल्क्रोत कुसळं. तीन-चार ट्रिपात पट्टा चिकटायचा बंद. मनगट सैल झालं की परत तेच, ग्लोव्ज सरकणार, वळकटी, फाटणार. म्हणून पट्टा रुंद बघा, आणि चालताना ग्लोव्ज बॅगेत टाकायच्या आधी पट्टा बंद करून टाका. घरी आल्यावर जुन्या टूथब्रशनं आणि सुईनं कुसळं काढत बसायचं, मी हे काम टीव्हीसमोर करतो. धुवायचं झालं तर साध्या पाण्यात, हातानं, मशिनमध्ये नाय, आणि वाळवायचं सावलीत. रबराची कड सुटायला लागली असं दिसलं की त्याच दिवशी फेविबॉन्ड लावून दाबून ठेवा, पुढच्या ट्रिपला बघू म्हणलात की गेलं. पावसाळ्यात कपाटात टाकून देऊ नका, साताऱ्याकडच्या मित्राच्या चामडी जोडीवर ऑगस्टमध्ये हिरवी बुरशी आली होती मखमलीसारखी, वास अजून जात नाय. वर्तमानपत्राचे बोळे घालून उघड्यावर टांगा.

आणि अंगठी काढा. ग्लोव्जच्या आत आहे, काय होतंय, असं म्हणू नका. बोट भेगेत अडकलं, पाय सुटला आणि अंगठी दगडात धरली गेली तर बोटाचं कातडं मोज्यासारखं उतरतं. कडं, गंडा, घड्याळ सगळं काढून खाली ठेवायचं. आजीनं बांधलेला दोरा काढायला जीवावर येतं एखाद्याच्या, त्यानं तो बॅगेला बांधावा, आजीला कळणार नाय.

ग्लोव्ज म्हणजे चिटिंग असं म्हणणारे पण आहेत. दादा त्यातलाच. त्याचं म्हणणं, हात दुखला पाहिजे, दुखला की कळतं जॅम चुकीचा बसलाय, नीट बसलेला जॅम सोलत नाय, सरकलेला सोलतो. हे पन्नास टक्के खरं आहे आणि म्हणून मी नवीन पोराला सांगीन की पहिले चार-पाच वेळा टेपवर चढ, सोपं काहीतरी, हात नीट बसवायला शिक, मग साडेचार हजार घाल. नायतर चिकट रबराच्या जोरावर वाईट जॅम पण बसतात, सवय तीच लागते, आणि ग्लोव्ज पण लवकर जातात. पण बाकीचे पन्नास टक्के दादाचा हट्ट आहे. त्याच्या हातावर आता पालथ्या बाजूला पांढरे डाग पडलेत कायमचे, ते तो लोकांना दाखवतो.

हे लिहिता लिहिता उठलो आणि मिरजेला जाऊन आलो. मामांनी आत्ताची जोडी बघितली, करंगळीच्या कडेला परत शिवण बघून माझ्याकडं बघितलं, म्हणलं मामा ह्याच्यात डबल आहे बघा. म्हणले डबल आहे पण जागा तीच आहे की. गुरुवारी देतो म्हणलेत, म्हणजे मामांचा गुरुवार, तो पुढच्या मंगळवारपर्यंत पण येऊ शकतो. उजवा चांगला होता तो मी परत आणलाय. येत्या रविवारी उजव्याला ग्लोव्ज आणि डाव्याला टेप, दादाला अजून सांगितलं नाय.